शितावरून भाताची परीक्षा : हंगामापूर्वीचे हॉकी सामने कसे पाहावेत?

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखविली आहे. आपल्या कानडी मित्रांच्या घरीही एक ‘अगुळु’ बोटांत दाबूनच अन्न शिजले की नाही ते पाहतात. संख्याशास्त्राच्या तासाला ‘नमुना’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला हीच म्हण आठवली. परंतु ही परीक्षा खरी ठरते ती काही अटींवर. शीत त्याच भांड्यातले हवे, भांडे पुरेसा वेळ चुलीवर असायला हवे आणि भात सगळीकडे सारखा शिजत असला पाहिजे. या अटी न पाळता केलेली परीक्षा भाताच्या बाबतीत फार तर एका जेवणाचा बेरंग करील. खेळाडूच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे त्याचे अख्खे वर्ष वाया जाऊ शकते.

हॉकीचा खरा हंगाम सुरू होण्यापूर्वी जे सराव सामने होतात, त्यांवरून खेळाडूची पारख किती करावी आणि कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बर्लिनमधील एक पराभव

बेळगावच्या वाचकाला हॉकीची ओळख करून देण्याची गरज नाही. १९६४ साली टोकियोला सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि त्या पलटणीचे केंद्र आपल्याच गावात आहे. परंतु आपल्या विषयाला लागू पडणारी गोष्ट याहून जुनी, १९३६ सालची आहे.

त्या वर्षी बर्लिन ऑलिंपिकसाठी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ जर्मनीत पोचला. मागील दोन्ही ऑलिंपिकचे सुवर्णपदक भारताकडे होते. स्पर्धेपूर्वी १७ जुलै रोजी जर्मन संघाशी एक सराव सामना झाला आणि त्यात भारत १-४ असा हरला. संघ पुरता हादरून गेला. त्या दिवशी केवळ गोलफलक पाहणाऱ्याने काय अनुमान काढले असते? ‘भारताचे दिवस संपले, जर्मनी वरचढ झाला’, हेच. महिन्याभराने, १५ ऑगस्ट रोजी याच दोन देशांत अंतिम सामना झाला आणि तो भारताने ८-१ असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि त्यांच्याविरुद्ध झाला तो हा एकच गोल.

मग सराव सामना निरर्थक होता काय? मुळीच नाही. त्या सामन्याने आघाडीच्या फळीतली एक उणीव दाखवून दिली. इनसाइड राइटच्या जागेसाठी भारतातून दारा यांना तातडीने बोलावून घेण्यात आले. ते विमानाने बर्लिनला पोचले आणि उपांत्य व अंतिम सामन्यांत खेळले. म्हणजे सामन्याचा आकडा फसवा निघाला, पण सामन्यात दिसलेली उणीव खरी होती. आकडा आणि उणीव यांतला हा फरक ध्यानात ठेवून आता आपण अशा देशांकडे वळू, जेथे दर वर्षी शेकडो खेळाडूंचे भवितव्य अशाच सामन्यांत ठरविले जाते.

बर्फावरचा हंगाम

कॅनडा आणि अमेरिकेत नुसते ‘हॉकी’ म्हटले की लोक बर्फावरची हॉकी समजतात. तीत गोलरक्षक धरून सहा खेळाडू असतात, चेंडूऐवजी ‘पक’ नावाची रबरी चकती असते आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. खेळ इतका दमविणारा की खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून बाकावर परततो आणि दुसरी तुकडी बर्फावर उतरते.

तेथील सर्वांत मोठी संघटना म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झालेल्या या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल चालतो. १९९५-९६ पासून एका हंगामात प्रत्येक संघ साधारणपणे ८२ सामने खेळत आला. त्यापूर्वी सप्टेंबरात शिबिर भरते. शिबिराला पन्नास-साठ खेळाडू येतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र यादीत जास्तीत जास्त २३ नावे ठेवता येतात आणि त्यांतील वीसच प्रत्यक्ष सामन्यासाठी सज्ज होतात. उरलेल्यांची रवानगी खालच्या लीगमध्ये किंवा घरी होते. या चाळणीच्या काळात प्रत्येक संघाने सहा ते आठ सराव सामने खेळावेत अशी रीत पडली. २०२५ साली झालेल्या करारात मुख्य हंगामाचे सामने २०२६-२७ पासून ८४ करण्याचे आणि सराव सामने चारापर्यंत खाली आणण्याचे ठरले. म्हणजे पारख करण्यासाठी हाती येणारी शिते आणखी कमी झाली.

या सामन्यांचे गुण कोठे धरले जात नाहीत. त्यांतील गोल खेळाडूच्या कारकिर्दीच्या नोंदीत चढत नाहीत. तरीही वर्तमानपत्रे ते आकडे छापतात, प्रेक्षक त्यावर वाद घालतात आणि ‘या पोराने चार सामन्यांत चार गोल केले, याला घेतलेच पाहिजे’ अशी मागणी होते. ही मागणी कोठे चुकते ते आता पाहू.

भांडे एकच नसते

पहिली अडचण प्रतिस्पर्ध्याची. सराव सामन्यात दोन्ही संघ आपले नेहमीचे वीर उतरवितातच असे नाही. प्रत्येक संघाने किमान आठ अनुभवी खेळाडू खेळवावेत असा नियमच लीगला करावा लागला, यावरून काय ते समजावे. नियम पाळूनही उरलेल्या बारा जागी नवखे असू शकतात. कधी कधी एकच संघ आपले दोन भाग करून एकाच दिवशी दोन ठिकाणी सामने खेळतो. अशा अर्ध्या संघाविरुद्ध केलेले दोन गोल आणि डिसेंबरात पूर्ण ताकदीच्या संघाविरुद्ध केलेले दोन गोल यांची किंमत एक कशी धरावी? आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर, वेगवेगळ्या चलनांतील रकमा विनिमयाचा दर न लावताच एका रकान्यात मांडून बेरीज करण्यासारखे ते आहे.

दुसरी अडचण हेतूची. मुख्य हंगामात दोघांनाही जिंकायचे असते. सराव सामन्यात प्रत्येकाचा हेतू निराळा असतो. वीस वर्षांच्या उमेदवाराला आपले नाव यादीत आणायचे असते, म्हणून तो जीव तोडून खेळतो. पंधरा वर्षे खेळलेल्या गड्याची जागा पक्की असते. उन्हाळ्यात आखडलेले पाय मोकळे करावेत आणि दुखापत टाळावी एवढेच त्याला हवे असते. प्रशिक्षकाला एखादी नवी रचना तपासून पाहायची असते, मग त्यात सामना हरला तरी चालते. तेव्हा नवख्याने जुन्याला मागे टाकले असे दिसले, तरी शर्यत दोघे धावत होते काय, हे आधी विचारले पाहिजे.

शिते फार थोडी

तिसरी अडचण शुद्ध गणिताची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलावर मारलेल्या दहा फटक्यांपैकी साधारण एक गोल होतो आणि नऊ अडविले जातात. आता समजा, ४० खेळाडू अगदी सारख्या दर्जाचे आहेत आणि प्रत्येकाचा दहातील एक फटका गोलात जातो. सराव सामन्यांत प्रत्येकाला वीस फटके मिळाले, तर प्रत्येकाचे दोन गोल व्हावेत अशी आपली अपेक्षा. संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. चाळीसांपैकी सुमारे पाच जणांचा एकही गोल होणार नाही आणि सुमारे पाच जणांचे चार किंवा अधिक गोल होतील. दर्जा सगळ्यांचा एकच, पण कागदावर पाच जण ‘नापास’ आणि पाच जण ‘चमकलेले’. येथे कोणाची चूक नाही आणि कोणाचा पराक्रमही नाही.

गोलरक्षकाचे उदाहरण याहून बोलके आहे. शंभरातील नव्वद फटके अडविणारा गोलरक्षक दोन सराव सामन्यांत पन्नास फटक्यांना तोंड देतो असे धरू. त्याच्यावर पाच गोल व्हावेत. प्रत्यक्षात चारांपैकी तीन वेळा ही संख्या तीन ते सात यांमध्ये राहील. तीन गोल झाले तर त्याची टक्केवारी ९४, सात झाले तर ८६. पहिला आकडा टिकला तर तो लीगमधला अव्वल गोलरक्षक ठरेल, आणि दुसरा टिकला तर त्याला कोणी ठेवून घेणार नाही. माणूस मात्र तोच. याउलट संपूर्ण हंगामात त्याला १५०० फटके आले तर चढउतार सुमारे बारा गोलांचा राहतो आणि टक्केवारी ८९ ते ९१ च्या आतबाहेर स्थिरावते. संख्या वाढली म्हणजे नशिबाचा वाटा आटत जातो.

खऱ्या हंगामातला एखादा सामनाही असाच फसवू शकतो. टोरोंटोचा ऑस्टन मॅथ्यूज १२ ऑक्टोबर २०१६ रोजी आपला पहिलाच सामना खेळला आणि त्याने चार गोल केले. त्या गतीने हंगामाचे ३२८ गोल व्हायला हवे होते. ८२ सामन्यांअखेर त्याचे गोल झाले ४०. नवख्यासाठी ४० ही फार मोठी संख्या आहे, पण पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून ती सांगता आली नसती.

मोंगलाईचा न्याय : १९७२

अशा घाईच्या निकालाची फळे एका अख्ख्या देशाला कशी भोगावी लागली, त्याची कथा प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका ठरली होती. त्यापूर्वी कॅनडाचे दोन पारखी रशियात जाऊन आले. तेथील एका सराव सामन्यात त्यांनी व्लादिस्लाव त्रेत्याक या वीस वर्षांच्या गोलरक्षकाला पाहिले. त्या रात्री त्याच्यावर आठ-नऊ गोल झाले. गोलरक्षक कच्चा आहे, असा अहवाल घेऊन पारखी परतले. त्रेत्याकचे लग्न त्या वेळी अगदी तोंडावर आले होते, ही गोष्ट अहवालात कोठून येणार?

२ सप्टेंबरला माँट्रियल येथे पहिला सामना झाला आणि कॅनडा ३-७ असा हरला. पुढे मॉस्कोत शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असता झालेल्या गोलामुळे कॅनडाने मालिका कशीबशी जिंकली. चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी. त्रेत्याक पुढे जगातील श्रेष्ठ गोलरक्षकांपैकी एक मानला गेला आणि १९८९ साली टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव दाखल झाले.

या कथेतील खरी चूक मला वेगळीच वाटते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सापोरोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक मिळविले होते आणि त्या संघात त्रेत्याक होता. म्हणजे मोठा, भरवशाचा पुरावा आधीच उपलब्ध होता. एका रात्रीच्या ताज्या आकड्याने तो झाकून टाकला. डोळ्यांनी नुकतेच पाहिलेले आपल्याला नेहमीच जास्त खरे वाटते.

मग पाहावे काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल की सराव सामने पाहूच नयेत. तसे नाही. किती गोल झाले यापेक्षा खेळ कसा झाला, हे त्यांत पाहावे.

प्रथम, खेळाडूचा मागील दोन-तीन वर्षांचा खेळ समोर ठेवावा आणि सराव सामन्याने त्या मतात थोडासाच फेरबदल करावा. ज्याची मागील नोंदच नाही अशा नवख्याच्या बाबतीत सराव सामन्याचे वजन साहजिकच जास्त राहील, पण तेथेही तो ज्या कनिष्ठ लीगमधून आला तेथील पूर्ण हंगाम विसरू नये.

दुसरे, ज्या गोष्टी नशिबावर कमी अवलंबून असतात त्या पाहाव्यात. बर्फावर तो किती वेगाने फिरतो, अंगावर प्रतिस्पर्धी आला असता पक कोणाकडे देतो, पक आपल्याकडे नसताना योग्य जागी उभा राहतो की नुसता मागे धावतो. गोलरक्षकाच्या बाबतीत, अडविलेली चकती तो बाजूला सारतो की पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्याच काठीसमोर टाकतो. फटका गोलात जाणे न जाणे इंचभराचे असते. या सवयी मात्र उद्याही तशाच राहतात.

तिसरे, प्रशिक्षकाकडे पाहावे. बर्फावरच्या हॉकीत नियमभंग करणाऱ्याला साधारणपणे दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि त्याचा संघ एका खेळाडूने कमी पडतो. अशा अडचणीच्या वेळी प्रशिक्षक एखाद्या नवख्याला मैदानात पाठवू लागला, तर त्याच्या नावावर गोल नसला तरी त्याच्यावर विश्वास बसत आहे असे समजावे. तो कोणाच्या जोडीने खेळविला जातो, हेही तसेच सूचक असते.

चौथे, शेवटच्या दोन सामन्यांना अधिक वजन द्यावे. तोवर गर्दी कमी झालेली असते आणि दोन्ही संघ जवळजवळ हंगामातल्याच रूपात उतरतात. भांडे निदान त्याच चुलीवरचे असते.

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते. गेल्या वर्षी आमच्या संघाच्या सराव सामन्यांत नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मी मोठ्या टापटिपीने वहीत रेघा आखल्या, नावे लिहिली आणि पुढे गोलांचा रकाना केला. हाफच्या जागी खेळणाऱ्या माझ्या एका मित्राच्या नावापुढे दोन्ही दिवस काहीच आले नाही. वही पाहून क्रीडाशिक्षक सरांनी एवढेच विचारले, “अरे, यात फक्त गोलच लिहिलेस होय? याने किती चेंडू काढून घेतले ते कुठाय?” ते कोठेच नव्हते. सर स्वतः मैदानात उभे होते म्हणून बरे. नुसत्या माझ्या वहीवर निवड झाली असती तर तो मित्र घरी बसला असता आणि मी म्हणालो असतो की आकडे खोटे बोलत नाहीत.

निवडीमागचा व्यवहार

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ऑक्टोबरात यादीतून कोणी वगळला गेला, म्हणजे तो खेळात कमी पडलाच असे नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये अनुभवी खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचे झाल्यास त्याचे नाव आधी इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते. याला ‘वेव्हर’ म्हणतात. चोवीस तासांत दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. अगदी तरुण खेळाडूंना हा नियम लागू नसतो. त्यामुळे दोघे तुल्यबळ असतील तर संघ अनुभव्याला ठेवतो आणि तरुणाला खाली पाठवितो, कारण तरुण हातचा जात नाही. प्रेक्षकाला हा अन्याय वाटतो. संघाच्या दृष्टीने तो मालमत्ता राखण्याचा व्यवहार असतो.

अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्यांसाठी तर अशी सोय आहे की मुख्य हंगामाचे नऊ सामने खेळवूनही त्याला परत पाठविता येते आणि त्याच्या कराराचे वर्ष खर्ची पडत नाही. दहावा सामना खेळला की वर्ष मोजले जाते. या सोयीचा उपयोग करून कित्येक संघ आपला निर्णय नवव्या सामन्यापर्यंत लांबवितात. ज्यांचा हा धंदाच आहे, त्यांनाही केवळ सराव सामन्यांवर विसंबावेसे वाटत नाही, हे यातून दिसते.

या चाळणीत सर्वांत जास्त पणाला लागते ते काठावरच्या खेळाडूचे. २०२५-२६ च्या हंगामात नॅशनल हॉकी लीगमधील किमान वार्षिक वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होते. दुहेरी कराराच्या खेळाडूला वर खेळला तर एक दर आणि खाली खेळला तर त्याहून पुष्कळ कमी दर मिळतो. काही जुने खेळाडू तर कोणताच करार हाती नसताना केवळ चाचणीसाठी शिबिराला येतात. मोजक्या सामन्यांतला एखादा फटका खांबाला लागून बाहेर गेला की आत गेला, यावर त्यांचे घर चालायचे की नाही हे ठरू नये, असे कोणालाही वाटेल.

तेरीज आणि ताळेबंद

हिशेबशास्त्रात आम्हाला शिकविले जाते की तेरीज जुळली म्हणजे हिशेब निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही, आणि जुळली नाही तर कोठेतरी शोधले पाहिजे एवढे निश्चित कळते. सराव सामन्याचे काम तेरजेसारखे आहे. कोठे तपासावे ते तो दाखवितो. १९३६ साली भारतीय संघाने त्याचा तेवढाच उपयोग केला. १-४ या आकड्याने खचून न जाता त्यांनी रिकामी जागा शोधली आणि तेथे योग्य माणूस आणून उभा केला. १९७२ साली कॅनडाच्या पारख्यांनी मात्र तेरीज हाच ताळेबंद समजून त्यावर सही केली.

असो. येत्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपूर्वी आपल्याही मैदानावर सराव सामने होतील. ते पाहावयास जरूर यावे. परंतु घरी जाताना ‘किती गोल झाले’ याबरोबरच ‘समोर कोण होते’ आणि ‘तो चेंडू नसताना काय करीत होता’ हे दोन प्रश्नही स्वतःला विचारावेत. माझ्या वहीत या वर्षी रकाने वाढविले आहेत.